एल्फांच्या क्रमशः कथेचा शेवट वाचकांनी ओळखला, आता तो बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्कीनच्या जगातल्या एल्फांवर, म्हणजे माणसांसारख्या दिसणाऱ्या पण म्हातारं न होणाऱ्या अमर लोकांवर, तुम्ही मराठीत क्रमशः फॅन फिक्शन (दुसऱ्याच्या जगात रचलेली आपली गोष्ट) लिहिताय, चौदा भाग झालेत. मर्कवूड या जंगलातला एक एल्फ आणि माणसांतली एक मुलगी. शेवटी तो जहाजात बसून पश्चिमेला, समुद्रापलीकडच्या अमर भूमीत जाणार हे वाचकांनी ओळखलंय. बरेचजण म्हणतात, त्याला माणूस करा आणि थांबवा. एकजण प्रत्येक भागात टोल्कीनच्या मूळ पुस्तकांशी न जुळणाऱ्या गोष्टी वेचून काढतो. शेवट बदलावा का, आणि वाचकांचं ऐकावं तरी किती?

शेवट बदलू नका. ओळखला म्हणून तर मुळीच नको.

मी वेंगुर्ल्याकडची. हाच उद्योग मीही करते. सागरी एल्फांचं एक तारू भरकटत आमच्यासारख्या किनाऱ्याला लागतं आणि त्यातली एकजण परत जायला तयार होत नाही, एवढीच माझी गोष्ट. वाचक थोडे आहेत, पण बोलके. भाग कधी वेळेवर जातो, कधी पावसात वीज गेली की आठवडा चुकतो, आणि मग भागापेक्षा भागाखालच्या गप्पाच जास्त रंगतात.

आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. वेद पळवणारा संकासुर मरणार हे पुढे बसलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. पुढे आख्यान लागतं, त्यात कोण जिंकणार हेही ठाऊक असतं. नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि बोलणं ज्याचं त्यानं रंगमंचावर उभं करायचं. कितीतरी आख्यानं तर कुठल्याच पुराणात नाहीत. देव पुराणातले, राजा-राणी कंपनीच्या डोक्यातले. म्हणजे फॅन फिक्शनच ती, नाव तेवढं नव्हतं. आणि शेवट माहीत असलेला माणूस पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागचा हलत नाही. तो आलेला असतो ते अमुक नट त्या राजाचं दुःख कसं बोलतो हे ऐकायला.

तुमचा वाचक त्याच जातीचा आहे. एल्फ जाणार, करड्या बंदरातून (ग्रे हेवन्स, जिथून एल्फ पश्चिमेला निघतात) जहाजं सुटणार, हे टोल्कीनच्या पुस्तकात १९५५ साली छापून झालंय. तो शेवट तुम्ही लपवणार कुठे? टोल्कीनचं जग उसनं घेतलंत तेव्हाच ती जहाजंही घेतलीत. वाचकाला हवं आहे ते तुमच्या नायकाचं जाणं. तो निरोप कसा घेतो, कुणाचा घ्यायचा राहतो.

आणखी एक गोष्ट, जी क्रमशः लिहिताना हमखास विसरायला होते. आज दर आठवड्याला अंदाज बांधणारे वाचक मूठभर असतात. पुढे जे येतील ते कथा पूर्ण झाल्यावर येतील आणि पहिल्या भागापासून एका बैठकीत वाचतील. त्यांना तुमची ही कुजबुज दिसणारही नाही. दुसऱ्या-पाचव्या भागात तुम्ही जी बीजं पेरलीत, ती त्यांना सलग दिसतील. चौदाव्या भागानंतर केवळ चकवायला म्हणून वळण घेतलंत, तर ती बीजं खोटी पडतील आणि तो जोड लख्ख दिसेल. वाचकांना शेवट ओळखता आला याचा अर्थ पेरणी नीट झाली आहे. त्यात लाज कसली?

आता ‘त्याला थांबवा’ म्हणणाऱ्यांकडे येते. माझ्याकडे हा वाद उलटा चालला. माझी एल्फ जायला तयार नाही. तर मुंबईला राहणारे वाचक म्हणायचे, थांबू दे तिला, ती गेली तर त्या किनाऱ्यावर राहिलं कोण? आणि गावात राहणाऱ्या, मुलं बाहेर शिकायला पाठवलेल्या एका बाईंनी लिहिलं, ‘जावंदे गो तिका. हय रवान काय करतली?’ दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या. गणपतीला सगळे गावी आले तेव्हा बाजारात गाठूनसुद्धा भांडल्या. मला हे फार आवडलं. पण त्यात माझ्या एल्फचं काही नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरातल्या बंद खोल्यांचं होतं. अशा मागण्या प्रेमाने वाचाव्यात, उत्तर द्यावं, आणि पुढचा भाग आधी ठरल्याप्रमाणे लिहावा.

तुमच्या बाबतीत तर मागणी दिसते त्यापेक्षा महाग आहे. टोल्कीनच्या जगात एल्फाला माणसाचं मरण सहजासहजी मिळत नाही. माणसावर प्रेम करणाऱ्या ल्युथिएन या एल्फ राजकन्येला ते खास म्हणून मिळालं. तशाच माणसाशी लग्न करणाऱ्या आर्वेनला निवड करता आली ती अर्ध-एल्फ एलराँडची मुलगी म्हणून. मर्कवूडच्या साध्या वनवासी एल्फापुढे तो पर्यायच नाही. मारला गेला तरी त्याचा आत्मा मँडॉसच्या दालनात, म्हणजे मेलेल्यांच्या ठिकाणी, जातो आणि तिथून परत देह मिळू शकतो, ग्लॉरफिंडेल या एल्फ योद्ध्याला मिळाला तसा. माणूस मात्र मेला की जगाच्या बाहेर जातो, कुठे ते एल्फांनाही माहीत नाही. म्हणजे तो थांबला काय नि गेला काय, ताटातूट ठरलेलीच. तुमच्या कथेचं खरं भांडवल हेच आहे. त्याला माणूस करून टाकलंत तर वाचक दोन दिवस खूश होतील, पण तुमच्या हातात लिहायला काय उरेल? त्यापेक्षा हीच मागणी मुलीच्या तोंडी द्या. तिला म्हणू दे, थांब. आणि त्याला सांगू दे की थांबणं त्याच्या हातात आहे, म्हातारं होणं नाही. वाचकांचं वाक्य वापरायला हरकत नाही, निकाल तुमचा असला म्हणजे झालं.

ऐकायचं असतं ते वाचकांच्या प्रश्नांचं. सल्ला आणि प्रश्न यांत मी हल्ली फार फरक करते. माझ्या एका भागात एल्फांचं डागडुजी केलेलं तारू निघायच्या तयारीत होतं. मी महिना लिहिलेला नव्हता, एल्फांच्या कथेत महिना कोण लिहितो? खाली एका मासेमारी करणाऱ्या वाचकाने एवढंच विचारलं, ‘तारू खयच्या म्हयन्यात सुटला?’

त्या एका ओळीने मला चार भाग दिले. आमच्याकडे आगोट, म्हणजे पावसाळा तोंडावर, आली की होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. आज यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, पण बंदी नव्हती तेव्हाही शिडाचं तारू पावसाळ्यात कोणी काढत नसे. वारा नैऋत्येचा, थेट तोंडावर, आणि जायचं पश्चिमेला. शिडाला सोयीचे दिवस येतात ते पाऊस सरल्यावर. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्यावर तारू खाडीतून बाहेर काढायचं, आणि पुढे समुद्रात हिवाळ्याचा ईशान्येचा वारा धरायचा. आपल्या बंदरांतून अरबस्तानाकडे जाणारी गलबतं याच हिशेबाने सुटायची. म्हणजे माझ्या एल्फांना पावसाळाभर थांबणं भाग होतं. कौलांवर पाऊस, शाकारलेलं तारू, आणि त्यांना गावची भाषा यायला लागते. शिवाय एक योग जुळला, जो मला बसून सुचला नसता. टोल्कीनच्या पुस्तकात गॅलाड्रिएल या थोर एल्फ स्त्रीने लेगोलास या मर्कवूडच्या एल्फाला बजावलेलं असतं की समुद्रपक्ष्याची साद ऐकलीस तर पुन्हा तुझं मन रानात रमणार नाही, आणि पुढे तसंच होतं. आपल्या किनाऱ्यावर कुरव, म्हणजे सीगल, थव्याने येतात तेही पाऊस सरल्यावर, हिवाळ्याला. म्हणजे मनात समुद्र जागा होण्याचे दिवस आणि तारू सुटण्याचे दिवस एकच. त्या वाचकाने टोल्कीनचं एक पानही वाचलेलं नाही, चित्रपटाचा अर्धा भाग टीव्हीवर पाहिलाय, तेवढंच.

राहिला तुमचा तो चुका वेचणारा. त्याला ब्लॉक करायची घाई करू नका. माझ्याकडेही असा एक आहे. चिडका आहे, पण अभ्यासू. आमची सर्वांत लांब चर्चा पावलांवरून झाली. बर्फाळ घाटातून जाताना लेगोलासची पावलं बर्फात जेमतेम उमटतात, हे तुम्हाला आठवत असेल. मीही तसंच लिहिलं होतं, ओल्या पुळणीवरून माझी एल्फ चालते आणि ठसा उमटत नाही. तर आरवलीकडच्या एका वाचकाने लिहिलं, तुमची ही बाई चालते की नाही तेच कळत नाही, आमच्या वेतोबाच्या वहाणा तरी झिजतात! आरवलीला वेतोबा या ग्रामदेवाला नवसाच्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात आणि तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या भागात तिचे ठसे वाळूत हळूहळू उमटायला लागतात असं करावंसं वाटलं. जी जात नाही, ती या मातीला जड होत जाते, अशी कल्पना.

अभ्यासू गृहस्थ लगेच हजर. मध्यपृथ्वीवर, म्हणजे माणसांच्या भूमीत, मागे राहिलेले एल्फ जड होत नाहीत, उलट विरत जातात, आत्मा देहाला हळूहळू संपवतो. बरोबरच होतं ते. मग दोघांची जुंपली. एकाच्या पाठीशी टोल्कीन, दुसऱ्याच्या पाठीशी वेतोबा, मध्ये मी. तोडगा निघाला तो अभ्यासू गृहस्थांच्याच एका वाक्यातून. ते म्हणाले, आणि लेगोलास अनवाणी नव्हता, हलके जोडे होते त्याच्या पायात. झालं. माझ्या एल्फला गावच्या चांभाराने वहाणा करून दिल्या. वाळूत ठसा उमटत नाही, ती विरतच चाललीय, पण वहाणा दर पावसाळ्याला झिजतात आणि चांभार काही न विचारता नवा जोड ठेवून जातो. मुळाचा नियम मोडला नाही, गावाचाही नाही. माझ्या कथेतलं बरं जमलेलं जे काही आहे, त्यात हे पहिलं धरते मी.

तेव्हा असल्या वाचकाला कामाला लावा. फक्त एक करायला हवं. मुळातलं काय पाळणार आणि काय मोडणार हे पहिल्या भागाच्या वर चार ओळींत लिहून टाका. अजून लिहिलं नसेल तर आज लिहा. मग तो ‘हे मुळात नाही’ म्हणाला की त्या ओळींकडे बोट दाखवायचं. आणि तुम्हीच लिहिलेला नियम तुम्ही मोडला असं त्याने दाखवलं, तर मात्र भाग दुरुस्त करायचा, तिथे वाद नाही.

कामाच्या दोन गोष्टी पटकन. दोन-तीन पुढचे भाग कायम हातात ठेवा. टिप्पण्या वाचून त्याच रात्री लिहिलेला भाग वाचकांना उत्तर देत बसतो, गोष्ट पुढे नेत नाही. आणि भाग आटोपशीर ठेवा. माझे बरेच वाचक कोकण रेल्वेत वाचतात. भाग अर्धाच उघडलेला असताना रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा ६.५ किलोमीटरचा बोगदा लागला की जी शिवी येते, ती माझ्या नावाने येते.

छापण्याचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टोल्कीन १९७३ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचे हक्क इथे २०३३ संपेपर्यंत आहेत. तोवर फुकट लिहा, फुकट वाचू द्या.

बाकी शेवट बदलण्यापेक्षा मोठी भीती शेवट न लिहिला जाण्याची असते. क्रमशःचा हा जुना रोग आहे. ‘करमणूक’ साप्ताहिक काढून त्यात दर आठवड्याला कादंबरी चालवणाऱ्या हरिभाऊ आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, तिथे आपण कोण? म्हणून सांगते, पंधरावा भाग लिहायच्या आधी शेवटचा भाग लिहून बाजूला ठेवा. कच्चा चालेल. तो तयार असला की वाचकांनी कितीही गलका केला तरी गंमत वाटते, धास्ती वाटत नाही.

माझ्या एल्फचं काय होणार ते मात्र इथे विचारू नका. अभ्यासू गृहस्थ हे उत्तरही वाचणार आहेत.