नोकरी करणाऱ्या प्रौढांना ऑनलाइन शिकवताना त्यांचा उत्साह कसा टिकवावा?

आपल्या संध्याकाळच्या ऑनलाइन एक्सेल वर्गातले नोकरदार विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यापासून गळू लागतात, उरलेले कॅमेरा बंद ठेवतात आणि प्रोत्साहनपर संदेशांचा उपयोग होत नाही, असे आपण लिहिले आहे. मीही हाच विषय अशाच मंडळींना शिकवते, म्हणून स्पष्टच सांगते: ते संदेश बंद करावेत. दिवसभराचे काम आणि प्रवास उरकून, पदरचे पैसे भरून जो माणूस रात्री साडेआठला वर्गात बसतो, त्याला शिकायची इच्छा मुळातच असते. आपण फक्त ती वाया जाऊ द्यायची नाही.

प्रौढ माणूस विषयासाठी नव्हे, तर समोरच्या अडचणीसाठी शिकतो, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी मांडले होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात काल्पनिक विक्रीचे तक्ते बाजूला ठेवून प्रत्येकाकडून त्याच्या कामातली एक यादी मागवावी (फोन नंबर आधी काढायला सांगावेत). हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या उधारीच्या यादीत एकाच गिऱ्हाइकाची बाकी ‘सम-इफ’ने (दिलेल्या नावाच्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या फंक्शनने) सतत कमी येत होती. नाव सगळीकडे सारखेच दिसत होते. मात्र काही ओळींत नावाच्या शेवटी एक रिकामी जागा टाइप झाली होती आणि एक्सेल त्या ओळी बेरजेत धरतच नव्हते. अशा जादा रिकाम्या जागा काढून टाकणारे ‘ट्रिम’ हे फंक्शन त्या दिवशी कोणालाही समजावून सांगावे लागले नाही, उलट आपापल्या याद्यांतले असेच घोळ चॅटमध्ये येऊ लागले. कॅमेरे तेव्हाही बंदच होते. घरात स्वयंपाक आणि टीव्ही चालू असताना तो आग्रह मी धरत नाही.

गळती बहुधा कंटाळ्याने होत नाही, ती एखादा आठवडा बुडाल्यावर होते. मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा किंवा गणपती यांत दोन तास बुडतात, मग ‘मागचे कळले नाही’ असे चारचौघांत म्हणणे चाळिशीतल्या माणसाला जड जाते आणि तो न सांगता येणे थांबवतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत सर्वोत्तम 8 स्वाध्यायांचेच गुण धरतात. अशी सवड मुळात वेळापत्रकातच असावी, ती मागावी लागू नये. मी दर चौथा तास राहिलेल्या भागासाठी मोकळा ठेवते. गैरहजर विद्यार्थ्याला ‘का आला नाहीत?’ असे न विचारता, गटाबाहेर, मागच्या तासातला सहा मिनिटांचा तुकडा आणि एकच प्रश्न पाठवते. सहा मिनिटे अशासाठी, की एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओंच्या 2014 सालच्या एका मोठ्या अभ्यासात त्याहून लांब व्हिडिओंवर लोक टिकत नाहीत असे दिसले होते.

गुणांचा तक्ता मात्र सर्वांसमोर लावू नये. वरच्या दोघातिघांखेरीज कोणाला त्याचा उपयोग नसतो, आणि ज्यांच्या हाताखालचा माणूसही त्याच वर्गात आहे, ते चाचणीच देत नाहीत.