मंदीत नर्सरीत काय ठेवावं, काय कमी करावं?

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडकडे आमची मध्यम नर्सरी आहे. वर्षभरात गल्ला घटलाय. लोक येतात, फिरतात, भाव विचारून जातात. सरसकट सवलतीचा बोर्ड लावावा का?

उत्तर: बोर्ड लावू नका. ज्याला ८०० रुपयांचा पाम नको आहे, तो ६०० लाही नेत नाही. आणि जो ३० रुपयांचं मिरचीचं रोप नेणारच होता, त्यालाही तुम्ही फुकट सूट देऊन बसता. मंदीत माणूस झाडं घेणं सोडत नाही, शोभेचं टाळून उपयोगाचं घेतो आणि मोठ्याऐवजी छोटं उचलतो. २००९ मध्ये अमेरिकेत मंदी असताना नॅशनल गार्डनिंग असोसिएशनच्या पाहणीत घरी भाजीपाला पिकवू पाहणारी कुटुंबं आदल्या वर्षीपेक्षा १९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडेही ओढा त्याच दिशेला असतो. फक्त इथे ती भाजी फ्लॅटच्या गॅलरीत, कुंडीत लागते.

म्हणून दर्शनी जागेवरून पाम आणि मोठे फायकस मागे न्या. तिथे मिरची, पुदिना, गवती चहा, ओवा, अळू, कढीपत्ता, तुळस मांडा. मिरचीचं रोप ट्रेमधून थेट विकू नका. ४ इंची पिशवीत वाढवून पहिली कळी दिसली की पुढच्या रांगेत आणा. कळी पाहिली की गिऱ्हाइकाला भाव पटवून द्यावा लागत नाही. टोमॅटो मात्र १२ इंचाहून लहान कुंडीसाठी देऊ नका. मुळांना जागा पुरत नाही, फळ नीट धरत नाही, आणि माणूस म्हणतो रोपच खराब होतं.

तुमचा खरा तोटा इथेच आहे. हातात पैसा असताना रोप मेलं तर लोक दुसरं नेतात. तंगीत मेलं तर महिनोन्‌महिने फिरकत नाहीत. त्यामुळे विकण्याआधी दोन प्रश्न विचाराच: गॅलरीत ऊन किती तास येतं, आणि आठवडाभर गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? चार-पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मिरची न देता पुदिना किंवा अळू द्या. कढीपत्ता देताना सांगून ठेवा की नाशिकच्या थंडीत त्याची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा पाणी कमी करायचं, झाड उपटायचं नाही. उन्हं वाढली की फुटवा येतो. हे वाक्य ऐकलं नाही म्हणून जिवंत झाडं कचऱ्यात जातात.

दुसरी हमखास चालणारी गोष्ट म्हणजे तयार माती. या काळात लोक नव्या कुंडीऐवजी रंगाचे डबे, जुन्या बादल्या वापरतात, तेव्हा कुंड्यांचा साठा अर्ध्यावर आणला तरी चालेल, पण मिश्रण कमी पडू देऊ नका. पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती ४ भाग, कुजलेलं शेणखत ३, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरू नका: पावसाळ्यात चिखल होतो, उन्हाळ्यात भेगा पडून पाणी कडेने निघून जातं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर ६० ते ७५ लिटर होते. १० इंची कुंडीत साधारण ८ लिटर मिश्रण बसतं, त्यात कोकोपीट दहातले तीनच भाग, म्हणजे एका विटेत पंचवीसेक कुंड्या सहज होतात. हे मिश्रण किलोवर, सुटं विका. सोबत जुनी झाडं आणा, कुंडी बदलून देतो, अशी सेवा ठेवा. मजुरी वेगळी घ्या, डब्याला तळाशी भोकं पाडूनच माती भरा.

सणाच्या खर्चाला लोक सहसा हात लावत नाहीत. दसऱ्याला फुललेला झेंडू पिशवीत हवा असेल तर बी साधारण ८०-८५ दिवस आधी ट्रेमध्ये टाकावं लागतं. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नासाठी भरगच्च तुळस हवी, तर पावसाळ्यात एकदा शेंडे खुडून घ्या. मंजिऱ्यांनी भरलेली सुकी तुळस कोणी नेत नाही.

आता पडून राहिलेला माल. प्रत्येक जातीच्या किती पिशव्या आल्या, किती गेल्या, हे वहीत लिहा. तीन महिन्यांत हललं नाही ते रोप पाणी, खत आणि मजुरी खात बसतं. शिवाय मुळं पिशवीतून जमिनीत उतरतात, गिऱ्हाइकासमोर उचललं की तुटतात आणि घरी गेल्यावर रोप माना टाकतं. दर दोन महिन्यांनी पिशव्यांची जागा बदला, खाली जाड प्लास्टिक अंथरा. सवलत द्यायचीच असेल तर फक्त या मालावर, आणि तीही मोठ्या खरेदीसोबत द्या. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून येणारा रोपांचा ट्रक एकट्याने भरून मागवू नका, शेजारच्या दोन नर्सऱ्यांबरोबर वाटून घ्या.

गिऱ्हाइकाचा वारही बघा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला ओव्हरटाइम बंद झाला की महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात विक्री बसते. ताजी रोपं पगाराच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारी पुढे मांडा. तालुक्यातून येणाऱ्यांचा हात कांदा-द्राक्षांच्या भावावर चालतो. लासलगावला भाव पडलेले असतील तर जून-जुलैसाठी आंब्याची कलमं आणि नारळ नेहमीपेक्षा कमी उचला.

शेवटचं, आणि तुमच्यासारख्या मध्यम नर्सरीला सगळ्यात जास्त बुडवणारं: बिल्डर आणि लँडस्केपवाल्यांची उधारी. मंदीत त्यांची ऑर्डर आधी थांबते आणि जुने पैसे तिथेच अडकतात. निम्मी रक्कम आगाऊ, बाकी गाडी उतरण्याआधी, एवढं ठरवून घ्या. जो नाही म्हणेल त्याचा माल भरू नका, मग ऑर्डर कितीही मोठी असो.