चार वर्षांच्या मुलाच्या दाढा खूप किडल्यात. दुधाचेच दात आहेत, तर काढून टाकावेत का?

सरसकट काढू नका. पुढचे दुधाचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, पण दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांना जागा उरत नाही. काढावीच लागली तर जागा राखणाऱ्या पट्टीबद्दल, म्हणजे स्पेस मेंटेनरबद्दल, विचारा.

आधी एक्स-रे काढून घ्या. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर फिलिंग किंवा स्टीलची कॅप पुरते. पोचली असेल तर पल्पोटॉमी (नसेचा वरचा भाग काढणं) किंवा पल्पेक्टॉमी (पूर्ण नस काढणं) करून वर कॅप. मूल फारच घाबरत असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध दातावर लावून कीड थोपवता येते; किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण ड्रिल लागत नाही. माझ्या मते काळ्या डागापेक्षा मुलाची भीती वाचणं मोठं.

बरेच दात एकदम करायचे असतील तर पूर्ण भूल देऊन करतात. हा निर्णय बालदंततज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांशी बोलूनच घ्या.

गाल सुजला, ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं आजपासून बंद करा.