वाचक विचारतात: फ्रॉकमधला मुलगा आणि हसू नेमकं कुणावर?

बालचित्रपट आणि बालनाट्य यांविषयीच्या पत्रांपैकी यावेळी एकाच विषयावरची पत्रं निवडली आहेत. फ्रॉक घालायला आवडणाऱ्या मुलावरचा विनोदी चित्रपट कसा पाहावा, कसा दाखवावा आणि असा प्रसंग आपल्याला बसवायचा असेल तर काय सांभाळावं, हे त्यांत विचारलं आहे.

‘मा व्ही आँ रोज’ हा विनोदी चित्रपट आहे असं वाचलं. ९ वर्षांच्या मुलीला दाखवावा का? (एक पालक, सातारा)

दाखवा, पण तुम्ही शेजारी बसा. आलँ बेर्लिनेर या बेल्जियन दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट, फ्रेंच भाषेतला, १९९७चा, ८८ मिनिटांचा. नावाचा अर्थ ‘माझं गुलाबी आयुष्य’. सर्वोत्तम परभाषिक चित्रपटाचं गोल्डन ग्लोब त्याला मिळालं. गोष्ट आहे ७ वर्षांच्या ल्युदोविकची. आपण मोठेपणी मुलगी होणार, याबद्दल त्याच्या मनात काडीचीही शंका नाही. पॅम नावाच्या बाहुलीच्या टीव्ही मालिकेत तो रमतो आणि शेजारच्या जेरोमशी लग्न करायचं ठरवतो.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांसोबतच पाहायचा. ते ऐकून घाबरू नका. त्यात मारधाड नाही, उघडंवाघडं काही नाही. मुलांना जड जातं ते वेगळंच: शाळेतून काढलं जाणं, वडिलांची नोकरी जाणं, आईने मुलाचे केस कापणं. पहिला अर्धा भाग हसवतो, दुसरा बोचतो. एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवा. ल्युदोविक एकदा मोठ्या फ्रीझरमध्ये लपतो. तसं घरी कधीही करायचं नाही, झाकण बंद झालं की आत जीव गुदमरतो, हे सांगूनच चित्रपट लावा.

आमच्या वाचनालयात हा चित्रपट दाखवला तेव्हा मुलं ल्युदोविकलाच हसली. मग विनोद फसला म्हणायचं का? (सांगली)

चित्रपट फसला नाही. मुलांनी कुठे पाहायचं, हे कुणी दाखवलं नाही एवढंच. सुरुवातीचा मेजवानीचा प्रसंग पुन्हा लावून पाहा. ल्युदोविकचं फाब्र कुटुंब नुकतंच एका वसाहतीत राहायला आलंय, शेजारीपाजारी जमलेत, वडील घरच्यांची ओळख करून देतायत. तेवढ्यात ल्युदोविक बहिणीचा गुलाबी झगा, कानांत डूल आणि ओठांना लाली अशा थाटात बाहेर येतो. शेजारी टाळ्या वाजवतात, कारण त्यांना ती घरातली लेक वाटते. मग खरं कळतं आणि टाळ्या विरतात. मुलगा मात्र उभ्या जागी खूश आहे. त्याचा झगा नीट बसलेला आहे, चालणं सहज आहे, कुठे अडखळणं नाही. हास्यास्पद दिसतात ते अर्धवट उचललेले हात आणि काय बोलावं ते न सुचलेले मोठे.

पुन्हा दाखवाल तेव्हा टाळ्या थांबतात तिथे चित्र थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘या चित्रात कोण गोंधळलंय?’ मुलं बोट दाखवतात ते मोठ्यांकडे. तिथून पुढचा हशा आपोआप जागा बदलतो.

त्याच प्रसंगात आई त्याला सांगते की तू आता ७ वर्षांचा झालास, हे वय राहिलं नाही. हे आपल्याला अगदी ओळखीचं आहे. जावळ काढायच्या आधी मुलाला फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून फोटो काढायची हौस आपल्याकडे कितीतरी घरांत असते. दुसऱ्या वर्षी कौतुक आणि सातव्या वर्षी धपाटा! मधल्या काळात मुलाचं काय बदललं, याचं उत्तर घरात कुणापाशीच नसतं. संपूर्ण चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (ठाणे)

सर्वांत आधी परवानगी. घरी पाहायला घेतलेली डीव्हीडी किंवा ॲपची वर्गणी हॉलमधल्या खेळाला चालत नाही, तिकीट नसलं तरीही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी होकार घ्या.

मग रंग. छायाचित्रकार इव्ह काप यांनी पहिला भाग उबदार, भडक रंगांत ठेवला आहे आणि कुटुंब ती वसाहत सोडून क्लेरमाँ-फेराँ या शहरात गेल्यावर सगळं निळसर, थंड होतं. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र ‘व्हिव्हिड’वर असेल तर दोन्ही भाग सारखेच भडक दिसतात आणि गोष्टीचा अर्धा अर्थ गळून पडतो. ‘सिनेमा’वर ठेवा, पडदे नीट ओढा.

उपशीर्षकं इंग्रजी असतात आणि पडद्याच्या तळाशी येतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फूट वर हवी, नाहीतर पुढच्या रांगेतली डोकी आड येतात. १० वर्षांखालची मुलं जास्त असतील तर एकाने माइकवर मराठीत सांगत राहावं, प्रत्येक वाक्य नाही, फक्त कळीची. हा माणूस चित्रपट आधी दोनदा पाहिलेला हवा. विशेषतः ल्युदोविकच्या कल्पनेतला देव आकाशातून एक्स आणि वाय (मुलगा की मुलगी हे ठरवणारी गुणसूत्रं) टाकतो आणि त्याच्या वाट्याचा एक एक्स चुकून कचऱ्यात पडतो, तो प्रसंग समजावून द्यावाच लागतो.

मध्यंतर नकोच. घ्यायचंच झालं तर केस कापण्याच्या प्रसंगावर नको. मुलं तेच मनात धरून बाहेर जातात आणि काही परत येत नाहीत.

शाळेच्या लघुपटात ९ वर्षांचा मुलगा फ्रॉक घालतो. कपडा शिवून घ्यावा की बहिणीचा चालेल? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

शिवून घ्या. या वयात मुलगा-मुलगी यांच्या छाती-कमरेच्या मापांत नाव घेण्यासारखा फरक नसतो, त्यामुळे वेगळा कट लागत नाही. पण मागून आणलेला फ्रॉक मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या जोडापाशी, काचतो, मुलगा खांदे आवळून चालतो आणि बघणारे हसतात ते त्या चालीला.

छाती २५, कंबर २३, खांद्यापासून कंबर ११ आणि घेराची उंची १८ इंच, असं माप धरलं तर ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड २ मीटर पुरतं. घेराचे २२ इंचांचे दोन तुकडे कापा, त्यात खालची दुमड ३ इंच आणि वरची माया १ इंच धरली आहे. छातीला ३ इंच लूज ठेवा. पातळ सुतीत ८८ इंच घेराच्या चुण्या कमरेत छान बसतात. जाड कापडात मात्र त्यांचा गोळा होतो, तिथे ६० इंच घेर बास. अस्तराला सव्वा मीटर मलमल घ्या. कॅनकॅन (घेर फुलवणारी कडक जाळी) घालणार असाल तर ते अस्तराला कमरेखाली २ इंचांवर शिवा, म्हणजे पोटाला टोचणार नाही.

सॅटीन टाळा. कॉलरच्या माइकवर त्याची सळसळ संवादाच्या वर ऐकू येते. राणी रंगही टाळा, दिव्यात त्याची झाक हनुवटीवर पडते. मागे १० इंचांची फट आणि ३ मोठे हुक ठेवा. व्हेलक्रोचा आवाज शांत प्रसंगात फाडकन येतो. आत सँडो आणि हाफपँट असावी.

कपडा रंगीत तालमीला पहिल्यांदा देऊ नका. पहिल्या दिवसापासून मुलगा त्यातच तालीम करू दे. सोबतच्या मुलांचं खिदळणं चार दिवसांत संपतं आणि चित्रीकरणात त्याचा चेहरा मोकळा राहतो. माप घेताना, बदलताना कोण सोबत हवं ते त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर भूमिका बदला.

कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण साडेतीन-चार फुटांवर लावा. वरून घेतलं की मूल केविलवाणं दिसतं. तो दारात आल्यावर मोठ्यांपैकी कुणीही लगेच बोलायचं नाही, मनात दोन आकडे मोजायचे. हसू त्या दोन आकड्यांत येतं.

आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेले. मग यात नवीन ते काय? (पुणे)

बालगंधर्वांनी रंगमंचावर शालू नेसला तो भूमिकेसाठी. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला तो संकेत मान्य होता. ल्युदोविक कुणाची भूमिका करत नाही. एकदाच तो शाळेच्या नाटकात हिमगौरीच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि नेमकं तिथेच पालक भडकतात.

हाच विषय, पण शेवटपर्यंत हलकाफुलका असा काही? (नाशिक)

बीबीसीचा ‘द बॉय इन द ड्रेस’ बघा, २०१४च्या नाताळातला. साधारण तासाभराचा आहे. त्यातला डेनिस १२ वर्षांचा, फुटबॉल उत्तम खेळणारा. पाचवी-सहावीच्या वर्गाला आधी हा दाखवा, ‘मा व्ही आँ रोज’ दोन वर्षांनी.