तासाला 95 रुपये म्हणजे वर्षाला किती?

आपल्या पुतण्यासमोर कुपवाड एमआयडीसीतल्या दोन नोकऱ्या आहेत: एकीकडे कंत्राटदारामार्फत तासाला 95 रुपये, दुसरीकडे वर्षाला 2,70,000 रुपयांचे पॅकेज. मोबाइलवर हिशेब केल्यावर पहिल्या नोकरीचे वार्षिक उत्पन्न 1,97,600 रुपये दिसले, म्हणून आपण विचारले आहे की हे बरोबर आहे का.

तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. ते ॲप अमेरिकी पद्धतीने आठवड्याचे 40 तास आणि वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 2,080 तास धरते. आपल्याकडे कारखान्याचा आठवडा सहा दिवसांचा, 48 तासांचा असतो आणि पगारासाठी महिना 26 दिवसांचा धरतात. ग्रॅच्युइटीचा (नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार) ‘15 भागिले 26’ हा हिशेबही याच 26 वर उभा आहे. त्यामुळे महिन्याचे 208 आणि वर्षाचे 2,496 तास होतात, आणि 95 च्या दराने रक्कम 2,37,120 रुपये येते.

पॅकेजला 2,496 ने भागले तर तासाला 108 रुपये पडतात, पण एवढ्यावर थांबू नये. मूळ पगार महिना 15,000 धरला, तर त्या पॅकेजमध्ये बहुधा कंपनीचा पीएफचा हिस्सा (वर्षाला 21,600) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (सुमारे 8,654) मिळवलेली असते. ते वजा केल्यावर 2,39,746 रुपये उरतात, म्हणजे तासाला 96. पीएफ अखेर पुतण्याचाच पैसा आहे हे खरे. म्हणूनच 95 रुपयांच्या वर कंत्राटदार स्वतःचा हिस्सा भरतो की नाही, हे आधी विचारावे. भरत असेल, तर दोन्ही दर जवळजवळ सारखेच आहेत.

खरा फरक सुट्ट्यांत आणि ओटीत, म्हणजे जादा वेळच्या कामाच्या पैशात आहे. बेंदूर, गावची जत्रा, दिवाळी, घरातले लग्न असे वर्षाला 20 खाडे झाले, तर तासावर काम करणाऱ्याचे 15,200 रुपये जातात. पॅकेजवाल्याच्या त्यातल्या बऱ्याच सुट्ट्या पगारी असतात. उलट, ओटी कायद्याप्रमाणे दुप्पट दराने, म्हणजे तासाला 190 रुपयांनी मिळाला, तर 80 तासांत तेवढीच रक्कम भरून निघते. कंत्राटदार ओटी ‘सिंगल’, म्हणजे साध्याच दराने देत असेल, तर मी पॅकेजच घ्यायला सांगेन.

आणखी एक गोष्ट, कारण मी स्वतः एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात अनेक वर्षे मस्टर (हजेरीपट) लिहिले आहे. तिथे एका मुलाचे रोजचे 7 तास 45 मिनिटे ‘7.45’ असे लिहून तोच आकडा थेट दराने गुणला जात असे. 45 मिनिटे म्हणजे पाऊण तास, तेव्हा आकडा 7.75 हवा होता. रोजचे 18 मिनिटे, 26 दिवसांचे 7.8 तास, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक हजेरी बुडत होती, आणि पगाराच्या चिठ्ठीवर बेरीज मात्र अगदी बरोबर दिसत होती. चूक लक्षात आल्यावर त्याला तीन महिन्यांचा फरक मिळाला; त्याआधीचे मस्टर सापडत नाही, असे उत्तर आले. पुतण्याने तासाची नोकरी धरली, तर आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ त्याने रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी.