नवखा क्वार्टरबॅक आल्यावर अमेरिकन फुटबॉल संघाचे आक्रमण कसे बदलते?
चांगला प्रशिक्षक नवख्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूवर, जुनी योजना लादत नाही. महाविद्यालयात त्याच्या अंगवळणी पडलेले डाव संघात आणतो आणि चेंडू घेऊन धावण्यावर अधिक भर देतो. २०१२ मध्ये वॉशिंग्टन संघाने नवख्या क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी हेच केले. बचावपटूची हालचाल पाहून चेंडू धावपटूकडे सोपवायचा की स्वतः पळायचे, हे ऐनवेळी ठरवणाऱ्या ‘झोन रीड’ डावामुळे प्रतिस्पर्धी बचाव क्षणभर थबकत असे, पासला मोकळी जागा मिळत असे, आणि त्याच वर्षी आलेल्या धावपटू आल्फ्रेड मॉरिसने चेंडू घेऊन धावत १,६१३ यार्ड मिळवले. आदल्या वर्षी ५ सामने जिंकलेल्या संघाने १० जिंकले. मात्र क्वार्टरबॅकला वारंवार पळवणे धोक्याचे असते: जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध ग्रिफिनच्या आधीच दुखावलेल्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, आणि त्याला त्या सामन्यात खेळवत ठेवायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.