बरोक काळातील कॉन्चेर्टोंमध्ये वेग आणि कालावधी यांची गणिती प्रमाणे खरोखरच असतात का?

बाख, विवाल्डी आदी बरोक (सुमारे १६०० ते १७५०) रचनाकारांच्या कॉन्चेर्टोंतील (वाद्यवृंदासाठीच्या, बहुधा एकल वाद्ये पुढे ठेवणाऱ्या रचनांतील) द्रुत, संथ आणि पुन्हा द्रुत अशा तीन भागांचे वेग व कालावधी ठरावीक गणिती प्रमाणात बांधलेले असतात आणि त्यांत सुवर्ण गुणोत्तरही (सुमारे १.६१८) सापडते, असे आपल्या वाचनात आले आणि ते कितपत खरे, असे आपण विचारले आहे. मी केवळ हौशी व्हायोलिनवादक आहे; पण स्वरलिपी आणि घड्याळ समोर ठेवून या प्रश्नामागे मी बराच काळ घालवला आहे. वेगांच्या प्रमाणाला त्या शतकातला लेखी आधार आहे, कालावधीच्या प्रमाणाला सैलसा आधार आहे आणि सुवर्ण गुणोत्तराला मला तरी कोणताच आधार दिसलेला नाही.

आधी वेगाचे पाहू. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय स्वरलेखनात वेगाची गुणोत्तरे चिन्हांनीच लिहिली जात. 'सेस्क्विआल्टेरा' म्हणजे दोनाच्या वेळात तीन, आपल्याकडच्या भाषेत दीडपट. अठराव्या शतकापर्यंत ही शिस्त बरीच विरली होती आणि मेल्झेलने मेट्रोनोमचे, म्हणजे ठोके देऊन वेग दाखवणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतले ते १८१५ साली, त्यामुळे बाखच्या कॉन्चेर्टोंवर वेगाचा आकडा असण्याचा प्रश्नच नव्हता. मधली पोकळी भरून काढणारा माणूस म्हणजे प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचा बासरीशिक्षक योहान योआखिम क्वांट्स. १७५२ साली प्रसिद्ध झालेल्या बासरीवादनावरील ग्रंथात त्याने निरोगी आणि आनंदी माणसाची दुपारच्या जेवणानंतरची नाडी, मिनिटाला सुमारे ८० ठोके, हे माप धरले. साध्या चार मात्रांच्या बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) 'अलेग्रो आस्साई'ला (अतिद्रुत) एका ठोक्यात अर्धा बार, 'अलेग्रेत्तो'ला (मध्यम द्रुत) एका ठोक्यात एक क्रॉचेट म्हणजे पाव बार, 'अदाजो कांताबिले'ला (संथ, गेय) एका ठोक्यात अर्धा क्रॉचेट आणि 'अदाजो आस्साई'ला (अतिसंथ) त्याच अर्ध्या क्रॉचेटसाठी दोन ठोके. क्रॉचेटच्या हिशेबाने हे वेग मिनिटाला १६०, ८०, ४० आणि २० होतात. तबलजी ठेक्याची दुगुण-चौगुण करतो, तशीच ही शिडी आहे, फक्त वरून खाली उतरणारी. मात्र प्रत्येक रचना नाडीवर मोजत बसावी असा आग्रह क्वांट्सचाही नव्हता, हे त्याचा दाखला देणारे अनेक जण सोयीस्करपणे विसरतात.

कालावधीबद्दलही क्वांट्स त्याच ग्रंथात लिहितो आणि तेही घड्याळाच्या भाषेत: पहिला भाग पाच मिनिटांचा, अदाजो पाच ते सहा मिनिटांचा आणि शेवटचा भाग तीन ते चार मिनिटांचा असेल, तर कॉन्चेर्टोची लांबी योग्य समजावी. 'पाच ते सहा' आणि 'तीन ते चार' असे बोलणारा माणूस श्रोत्यांच्या सहनशक्तीचा अंदाज बांधत असतो, गुणोत्तर सिद्ध करत नसतो, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष रचनेकडे येऊ. बाखने २४ मार्च १७२१ या तारखेच्या अर्पणपत्रिकेसह ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफकडे (तिथल्या राजघराण्यातील सरदाराकडे) सहा कॉन्चेर्टो पाठवले, त्यांपैकी तिसरा घेऊ. पहिल्या भागात १३६ बार आहेत, म्हणजे ५४४ क्रॉचेट. शेवटचा भाग ४८ बारांचा, १२ आणि ३६ असा दुभागलेला; दोन्ही तुकड्यांची पुनरावृत्ती घेतली की ९६ बार, आणि बारमागे चार मोठ्या मात्रा धरल्या तर ३८४ मात्रा. दोन्ही भागांची मात्रा एकाच वेगाने चालवली तर कालावधींचे प्रमाण १७ : १२ येते, आणि १७/१२ ही दोनाच्या वर्गमुळाची जुनी, प्रसिद्ध आसन्न किंमत आहे! आकड्यांच्या मागे लागणाऱ्याला एवढे पुरेसे असते. पण पहिला भाग मिनिटाला ८४ मात्रांनी आणि शेवटचा ९६ मात्रांनी वाजवा: पहिल्याला सुमारे ६ मिनिटे २९ सेकंद लागतात, शेवटच्याला बरोबर ४ मिनिटे, आणि भागाकार येतो १.६१९, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरच. उलट पहिला १०२ आणि शेवटचा ७२ ठेवला, तर दोन्ही भाग प्रत्येकी ५ मिनिटे २० सेकंदांचे, तंतोतंत समान. यांतला कोणताही वेग वाजवण्याजोगा नाही असे म्हणता येत नाही (७२ थोडा रेंगाळतो, हे खरे). म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मिनिट-सेकंदांवरून काढलेले गुणोत्तर बाखचे नसून त्या दिवशीच्या वादकवृंदाचे असते. शिवाय मधला संथ भाग स्वरलिपीत अवघा एका बारचा, दोन स्वरसंघांचा आहे. कोणी तो काही सेकंदांत उरकतो, कोणी त्यावर लांब उत्स्फूर्त वादन करतो. त्याला कुठल्या प्रमाणात बसवायचे?

म्हणून माझा भर वेगावर अवलंबून नसलेल्या मोजणीवर, म्हणजे एकाच भागाच्या आत बार मोजण्यावर असतो. पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग ३१० बारांचा आहे: ७८ बारांचा पहिला खंड, १५४ बारांचा मधला आणि पहिल्याच खंडाचे ७८ बार पुन्हा. दोन्ही टोके मिळून १५६, मध्य १५४. वेग कोणताही ठेवा, जोवर तो स्थिर आहे तोवर हा समतोल कानावर तसाच येतो, आणि तो रचनाकाराच्या हातचा आहे, यात मला शंका नाही. दोन बारांचा फरक मला उलट आश्वासक वाटतो, कारण १५४ ऐवजी १५६ व्हावेत म्हणून बाखने दोन बार ओढूनताणून घातलेले नाहीत. याच कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाने मात्र अशी कुठलीही चौकट मानलेली नाही. एकूण २२७ बारांपैकी १५४ ते २१८ हे ६५ बार हार्पसिकॉर्ड हे पियानोपूर्व पट्टीवाद्य एकटेच वाजत राहते, बाकी सारे वादक हात बांधून बसतात आणि त्यांच्या वाट्याला शेवटी नऊ बार उरतात. क्रॉचेटचा वेग ९६ धरला तरी या एका भागाला साडेनऊ मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे पुढे क्वांट्सने सांगितलेल्या पाच मिनिटांच्या जवळजवळ दुप्पट. याच रचनेच्या आधीच्या आवृत्तीत हा एकल तुकडा पुष्कळच आखूड होता. तो वाढवताना बाखने एकूण प्रमाणाचा हिशेब केला असेल, असे मानायला तो तुकडा वाजताना ऐकल्यावर माझे तरी मन धजत नाही.